साहेबाच्या थडग्यावरची शेवटची ओळ

दगडावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचायचा, एवढ्याचसाठी तिघं त्या सकाळी चिखलात उतरले होते!

तारापूरच्या उत्तरेला, खाडीच्या मुखाशी, किनाऱ्यापासून चांगलं लांब एक एकटं थडगं आहे. ओहोटीला चिखलात उभं, भरतीला पाण्याखाली. दीडशे वर्षांपूर्वी समुद्र मोजायला आलेला एक गोरा साहेब तिथं बुडाला. धर्माजींचे पणजोबा रामनाथ त्याचे वाटाडे होते. त्यांनीच त्याला फसवून मारलं, असं गाव आजवर म्हणत आलं. चिकूची वाडी करून म्हातारे झालेल्या धर्माजींना लग्नाकार्यातसुद्धा हे ऐकावं लागे.

खरं काय ते दगडावर असणार. पण मजकूर इंग्रजी आणि निम्मा गाळात. म्हणून त्यांनी गावच्या शाळेतल्या वैभवी मॅडमना गळ घातली. "मरायच्या आधी कळू दे बाय, आमचं घर खुनी हाय का नाय."

वैभवी मूळची नांदेडची. तिला पोहता येत नव्हतं, समुद्राची तर धास्तीच होती. म्हणून जवळच्या सालवडला राहणारा, कारखान्यात फिटर असलेला थोरला भाऊ कैलास सोबत आला. त्याचा म्हाताऱ्यावर काडीचा विश्वास नव्हता.

गुडघाभर चिखल तुडवत ते पोचले. वैभवी खुरप्यानं गाळ काढू लागली. नाव निघालं, साल निघालं.

"आता निघायचं," धर्माजी म्हणाले. "पानी फिरलं."

"मोबाइलवर पाणी फिरायला अजून तास दाखवतंय, काका," कैलास म्हणाला.

"तो मुंबयचा तास. हितली खाडी तुमच्या मोबाइलला इचारून भरत नाय."

"पाचच मिनिटं!" वैभवी म्हणाली. खालची ओळ उघडी पडत होती. ‘त्याचा वाटाड्या रामनाथ याने...’ पुढे गाळ होता. ती अधाशासारखी उकरत राहिली. पाच मिनिटांची वीस झाली.

मग पायांना गार लागलं. तिनं मागे वळून पाहिलं. समुद्र अजून लांब होता, पण पाणी मागून आलं होतं! थडगं आणि किनारा यांच्यामधला ओहोळ भरून वाहत होता.

"पळ वैभवी!" कैलास ओरडला. किनाऱ्यावरची सुरूची झाडं स्पष्ट दिसत होती.

"तिकडं नाय!" धर्माजींनी काठी आडवी धरली. "मधे डोक्यावर पानी हाय. समुद्राकडं चला. त्या कातळावर! आज अष्टमी, भांगाची भरती, पानी कमी चढतं. कातळाचा माथा बुडत नाय."

"समुद्राकडं? पणजोबानंही साहेबाला हेच सांगितलं असेल!"

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण ते हलले नाहीत. "तुमी आल्याबगर मी जायाचा नाय," एवढंच म्हणाले.

वैभवीला रडू फुटलं. दगडानं खरं सांगायचं राहिलं होतं आणि आता विचारायलाही वेळ नव्हता. हा माणूस एकटा केव्हाच निघून गेला असता, पण इथेच थांबलाय. तिनं त्यांचा हात धरला.

कैलास मात्र किनाऱ्याकडे धावला. चार पावलं. पाचव्याला कमरेपर्यंत रुतला! पाणी छातीला लागलं. "दादा!" ती किंचाळली. धर्माजी चिखलावर सपशेल आडवे झाले, काठी पुढे सरकवली. "धर! पाय झाडू नको!" दोघांनी जीव खाऊन ओढलं. एकदा हात सुटला. पुन्हा धरला. कैलास बाहेर आला!

मग तिघं समुद्राकडे निघाले. एकेक पाऊल मनाविरुद्ध! लाटा अंगावर येत होत्या. पाणी पोटाशी, मग छातीशी. वैभवी डोळे मिटून चालत होती. अखेर पायाला कालवांची धार लागली. कातळ!

माथ्यावर ते एकमेकांना धरून बसले. समोर थडगं हळूहळू बुडालं.

"पुन्हा येऊ काका, राहिलेलं वाचू," वैभवी कुडकुडत म्हणाली.

"नको बाय. साहेब किनाऱ्याकडंच पळाला असंल. किनारा दिसला की कोन ऐकतो?"

दोन तासांनी गावच्या चिराग तांडेलाची होडी जवळून चालली होती. त्यानं कातळावरची माणसं पाहिली आणि होडी वळवली. "कोनी आनलं यांना हितं?" मग धर्माजी दिसले. "हां! साहेबाला बुडवनारं घर!"

कैलास उठून उभा राहिला. त्याचे दात वाजत होते. "मी किनाऱ्याकडं पळत होतो. यांनी चिखलात झोपून मला ओढलं. नाहीतर तुम्ही आज माझं मढं नेलं असतं. हे गावात सांगा. नाही सांगितलं, तर मी येऊन सांगेन."

चिरागनं होडी कातळाला टेकवली. मग त्यानं हात पुढे केला, आणि आधी धर्माजींना होडीत घेतलं.