पोखर्णीच्या रस्त्यावरची तिसरी टिकटिक

खोटं वाटलं तर मला कळवायची तसदी घेऊ नका. शहाणपणा शिकवणारे आजवर लय भेटले. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि ज्यांचा जीव गेला ते माझे यजमान होते.

साल एकोणीसशे नव्वद. परभणी-पोखर्णी रस्ता. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. वैशाखातली टळटळीत दुपार होती.

माधवराव, म्हणजे आमचे हे, परभणीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. त्यांना एकच वेड. रस्त्यावरच्या गाड्यांनी एकमेकींना सांगायचं, मी येतेय, सांभाळ. वळणापलीकडचं माणसाला दिसत नाही, तर ते गाडीला कळावं. त्यांचा धाकटा भाऊ अशाच एका वळणावर समोरासमोरच्या धडकेत गेला होता. तेव्हापासून घरभर तारा आणि जळक्या कथलाचा वास. मी चिडायचे. "अहो, ओट्यावरची जागा तरी सोडा!"

शेवटी दोन डबे तयार झाले. वायरलेसचे. एक डबा दुसऱ्याच्या जवळ आला की दोन्ही टिकटिक करायचे. जितकं जवळ, तितकी टिकटिक जलद.

असे डबे अख्ख्या जिल्ह्यात दोनच होते.

अडचणी होत्याच. डब्याला बोलता यायचं नाही. समोर कोण आहे, कुठल्या बाजूनं येतंय, काही सांगायचा नाही. "अनसूया, तिसरी गाडी मधे आली तर कोणाची टिकटिक कोणती, हेच सुटेना," असं हे जेवताना पण म्हणायचे. मग त्यांनी एक साधा नियम केला. टिकटिक जोरात झाली की गाडी कडेला घ्यायची. इंजिन बंद. समोरची गाडी येईपर्यंत हलायचं नाही. दोन्ही थांबल्या, तर पाच मिनिटांनी परभणीकडच्या गाडीनं हळू पुढं यायचं.

त्या दिवशी चाचणी होती. हे परभणीहून निघणार, बन्सीधर ड्रायव्हरच्या जीपमध्ये. मी पोखर्णीहून, किशनरावांच्या जीपमध्ये. किशनराव पोखर्णीचेच शेतकरी, शेती सांभाळून भाड्यानं जीप चालवायचे. डब्यावर लक्ष ठेवायला घरचं माणूस पाहिजे, म्हणून मला बसवलेलं.

नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

बाभळींचं वळण आलं.

आणि मांडीवरच्या डब्यातून आवाज आला...

टिक.

"आले वाटतं साहेब," किशनराव म्हणाले.

"एवढ्यात? गाडी उडवत आणली की काय!" मला हसू आलं.

टिक. टिक. टिकटिकटिक.

किशनरावांनी नियमाप्रमाणे जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

समोरचा रस्ता रिकामा. मागचाही रिकामा.

डबा आता एकसारखा किंचाळायला लागला.

"वैनी, गाडी पार आपल्याला खेटून हाय म्हनायलंय हे. कुठं हाय?"

आणि त्या टिकटिकीच्या खाली मला ऐकू आलं...

श्वास. पुष्कळ माणसांचे. पळत आल्यावर धाप लागते ना, तसे.

मग पहिला घाव बसला.

समोरची काच फुटून आमच्या अंगावर आली. बॉनेटवर धाडधाड काठ्या पडायला लागल्या. पत्र्याला पोचे पडत होते, माझ्या डोळ्यांसमोर.

बाहेर कोणीच नव्हतं!

किशनरावांची कॉलर आपोआप ताणली गेली. ते दारातून बाहेर फेकले गेले. डांबरावर तोंड आपटलं, दात पडले. मग कोणीतरी त्यांचा हात मागं पिळला. हाड मोडल्याचा कडकन आवाज मी ऐकला. मी उडी मारली, त्यांचा पाय धरून ओढायला लागले. "सोडा त्यांना, मेल्यांनो! मुडदा बसवला तुमचा!" मी हवेला शिव्या देत होते. माझ्या कपाळावर काठी बसली. डोळ्यांत रक्त उतरलं.

आणि एकदम सगळं थांबलं.

टिकटिक हळू व्हायला लागली...

रस्त्यावर धुळीचा एक लोट होता. जीपमागं उठतो तसा. जीप मात्र दिसत नव्हती.

तो लोट परभणीकडं चालला होता.

आता ह्यांच्या डब्यात टिकटिक होणार. ह्यांना वाटणार मीच आले. हे गाडी कडेला घेणार, इंजिन बंद करणार आणि शांतपणे वाट बघत बसणार.

पळा, एवढं सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. मी डब्याला तोंड लावून ओरडले. "अहो, थांबू नका! थांबू नका हो!"

डब्याला कान कुठले.

"वैनी, जावा तुमी," किशनराव रक्त थुंकत म्हणाले. "माझं ऱ्हाऊ द्या. साहेबांकडं जावा."

ह्यांनी हौसेनं मला गाडी शिकवली होती, जेमतेम दुसऱ्या गिअरपर्यंत. तेवढ्यावर मी निघाले. रडत, नरसिंहाला हाका मारत. फुटक्या काचेतून धूळ तोंडावर येत होती.

थोड्या वेळानं डबा पुन्हा जलद वाजायला लागला. हेच असतील! माझा जीव भांड्यात पडला.

मग ती जीप दिसली. लिंबाच्या सावलीत, अगदी नीट कडेला घेतलेली. इंजिन बंद.

हे रस्त्यावर पडले होते. दोन्ही हात तोंडावर घेतलेले. डोक्याची एक बाजू राहिलीच नव्हती. चष्मा ठेचून मातीत गेला होता. बन्सीधर जीपखाली शिरून थरथरत होता.

बाजूच्या फुफाट्यात ठसे होते. फक्त ह्यांच्या चपलांचे.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस. कुठं काय पेटेल नेम नसायचा. "जमावानं मारलं," सगळे म्हणाले, आणि विषय मिटला. कोणता जमाव, कशासाठी, कोणीच सांगेना. पोखर्णीत कुजबुज होती, त्या वळणावर फार पूर्वी लेकरू चिरडलं म्हणून लोकांनी जीपवाल्यांना ठेचलं होतं. असेलही. पण मग त्या न दिसणाऱ्या जीपमध्ये आमच्यासारखा डबा कुठून आला? ती टिकटिक कोणाची होती?

बन्सीधरची वाचा बसली होती. तेराव्याला तो घरी आला. खाली मान घालून बसला.

"वैनी, एक इचारू? राग नका धरू."

"विचार."

"साहेब लय खूश होते. टिकटिक वाढली तसं म्हनले, बन्सीधर, आली बघ ती! खाली उतरून हात करायले होते. जीप आली. मानसं उतरली. तोंडं न्हाई दिसली."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं.

"म्होरच्या सीटवर तुमी होता. मांडीवर डबा घिऊन."

मी उठून उभी राहिले.

"साहेब तुमालाच हाका मारायले होते वैनी. अनसूया, सोडव म्हनून. शेवटपर्यंत. तुमी नुसत्या बघत बसला. का नाई उतरला?"

"मी नव्हते रे तिथं! किशनरावांना विचार! मी नव्हते!"

त्यानं मान हलवली आणि उठून गेला. पुन्हा कधी माझ्या दारात आला नाही.

मी तिथं नव्हते. मला माहीत आहे. किशनरावांना माहीत आहे.

ह्यांना कोण सांगणार?