मैथिलीनं लग्न करावं की नाही?

“आवस खाटल्यावर पडलेली आणि हिच्या गुडघ्याक बाशिंग? लाज नाय वाटत तुमका असला बोलाक?”

प्रेमाताई परब गरजल्या आणि घाटकोपरच्या त्या डायलिसिस सेंटरमधल्या सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंच्या डाव्या हातात दोन सुया, अंगावर हनुवटीपर्यंत ब्लँकेट, शेजारी मशीन घरघरतंय... पण आवाज मात्र असा, की खालचा रिक्षावालासुद्धा दचकावा. ज्यांच्यावर गरजल्या ते शेजारच्या खाटेवरचे नंदू मेस्त्री. तेही काही कमी नव्हते.

“अहो बाई, तो बिचारा शार्दूल दारात उभा राहून म्हातारा होईल! पोरीचं वय काय थांबतं का कुणासाठी? करून टाकावं लग्न, मी सांगतो!”

बाहेर बाकावर बाईंची मुलगी प्रांजल भिंतीला डोकं टेकून डुलक्या काढत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि संघमित्रा सिस्टरांनी हाक दिली, “परब आणि मेस्त्री, दोघांचे नातेवाईक आत या. तुमची माणसं भांडतायत.”

ती धडपडत उठली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंचसा माणूस मांडीवर हेल्मेट घेऊन पेंगत होता, तोही ताडकन उठला. दोघं एकदमच दारात घुसले आणि खांद्याला खांदा आपटला.

“सॉरी... काय झालं सिस्टर?”

“लग्नावरून वाद चाललाय.”

“कोणाच्या?”

सिस्टरांनी शांतपणे भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर एक मुलगी दिव्यासमोर उभी राहून रडत होती. सातची मालिका!

तुम्हीही पाहिली असेल, नाहीतर घरातल्या कुणी पाहताना ऐकली असेल. मैथिली आजारी आईला सांभाळते, शार्दूल मैथिलीवर जीव टाकतो, आणि मैथिली रोज ‘हो’ म्हणायला तोंड उघडते तेवढ्यात जाहिराती लागतात. अख्ख्या मुंबईत त्या दोघांवरून दोन तट पडले होते. डायलिसिस सेंटर तरी कसं सुटणार?

“तुमच्या आई...” बाहेर आल्यावर तो म्हणाला.

“तुमचे बाबा...” तीही म्हणाली, आणि दोघांना एकदम हसू आलं. दमलेलं, अर्धंच हसू.

“मी हर्षद. तुमचं मत काय? मैथिलीनं काय करावं?”

“मैथिलीनं ना?” प्रांजलनं जांभई दाबली. “आधी घटाघटा पाणी प्यावं, आठ तास झोपावं. मग बघावं शार्दूल वगैरे.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. असं खरं बोलणारं माणूस त्याला फार दिवसांत भेटलं नव्हतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. दुपारी चार ते रात्री आठ. प्रेमाताईंची किडनी गेली तेव्हापासून प्रांजलचा आठवडा एवढाच होता. सकाळी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या, दुपारी मालकाची बोलणी खात निघायचं, असल्फाहून आईला रिक्षात घालून आणायचं आणि बाकावर बसायचं. बाबा गेले, भाऊ नाही, काकाकाकू ‘काही लागलं तर सांग हं’ म्हणणाऱ्यातले. बत्तिसाव्या वर्षी तिचे खांदे एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखे दुखत. प्रेमबिम तिच्या डोक्यातही नव्हतं.

हर्षदचीही तीच गत. लिफ्ट दुरुस्त करायचं काम. भांडुपपासून अंधेरीपर्यंत कुठेही लिफ्ट अडकली की फोन वाजायचा. तरी सेंटरला यायचा तो जिन्याने.

“लिफ्टवाले ना तुम्ही? मग तीन मजले चढत कशाला येता?” एकदा तिनं विचारलं.

“हलवाई स्वतःचा पेढा खातो का?”

“अहो, सरळ सांगा ना, भीती वाटते.”

“भीती नाही...” तो तिच्या हातातली पिशवी घेत म्हणाला, “लिफ्टमधून लगेच पोचतो माणूस. जिन्यावर तुझ्याबरोबर जरा जास्त चालता येतं.”

‘तुमचं’चं ‘तुझं’ कधी झालं ते तिला कळलंही नाही. कानशिलं मात्र गरम झाली... इतक्या वर्षांनी! वेडेपणाच तो.

मग हळूहळू ते वाढत गेलं. चहाचा एक ग्लास तो तिच्यासाठी झाकून आणायचा. मशीनवर आईला हुडहुडी भरते हे बघून त्यानं एके दिवशी घरून गोधडी आणली. कुणाला न सांगता खाटेवर ठेवून गेला. तिनं त्याच्या नखांतलं ग्रीस निघावं म्हणून लिंबाची फोड डब्यातून आणली आणि “जेवणाआधी हात दाखव” असं दटावलं, तेव्हा त्यानं शाळेतल्या मुलासारखे दोन्ही तळवे पुढे केले. ती बघत होती, तोही बघत होता. हात मात्र कुणी धरला नाही.

आत दर संध्याकाळी तोच तमाशा चालू. “आवशीक सोडून जाणारी चेडवा माका पटाक नाय!” असं प्रेमाताई म्हणायच्या. “अहो, तुमच्यासारख्या आयांमुळेच पोरी सुकतात!” असं नंदूकाका खाटेवर अर्धे उठून ओरडायचे. सिस्टर रागवायच्या नाहीत, हे प्रांजलला जरा नवल वाटायचं. पण विचार करायला तिला वेळ कुठे होता?

एका शनिवारी हर्षद आपल्या कुठल्याशा बिल्डिंगची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबला. बघते तर गाढ झोपलेला! हेल्मेट मांडीवरून घसरत होतं. तिनं ते अलगद काढून आपल्या मांडीवर घेतलं आणि तासभर तशीच बसली. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. गंमत म्हणजे, आधीच दुखणाऱ्या त्या खांद्यावर आणखी वजन पडूनही तिला हलकं वाटत होतं. तेव्हा तिला कळलं. आणि कळलं तशी ती घाबरली.

पुढच्याच आठवड्यात, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, त्यानं विचारलं.

“प्रांजल... मला शार्दूलसारखं बोलता येत नाही. माझ्याशी लग्न करशील?”

‘हो’ अगदी ओठांवर होतं. पण वरून आईचा आवाज ऐकू आला... खणखणीत.

“आवशीक टाकून जातली? देव बघता वरसून!”

“ऐकलंस?” प्रांजल म्हणाली. “महिनोन् महिने ती हेच सांगतेय रे. मैथिलीचं नाव घेऊन मलाच सांगतेय.”

“अगं, ती मालिका आहे!”

“आई कधी सरळ बोलत नाही. तिला एवढं ठाम वाटतंय, आणि मी निघून जाऊ? मशीनवर झोपलेल्या बाईला सोडून?”

“सोडून कुठे जायचंय? मंगळवारी चार वाजता आपल्याला सगळ्यांना इथेच तर यायचंय!”

ती हसली नाही. त्याला वाटलं होतं हसेल.

“नको हर्षद. माझ्यात आता कुणाशी भांडायचा जोर नाही. आईशी तर नाहीच.”

तो बराच वेळ कठड्याचा रंग खरवडत उभा राहिला. मग “बरं” म्हणाला. नुसतं बरं. भांडला असता तर बरं वाटलं असतं तिला.

मंगळवारी शेजारच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. मेस्त्रींनी सकाळची पाळी मागून घेतली, असं सिस्टर म्हणाल्या. बाकाचं दुसरं टोक रिकामं. प्रांजलनं सवयीनं लिंबाची फोड आणली होती. ती डब्यात तशीच काळी पडली.

आणि आई? आई गप्प! सात वाजले, मालिका लागली, मैथिली रडली, जाहिराती आल्या. प्रेमाताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गुरुवारीही तेच. शनिवारी तर त्या स्वतः म्हणाल्या, “ता बंद कर गो. डोक्याक ताप नुसतो.”

प्रांजल स्टूल ओढून खाटेजवळ बसली. “काय गं आई? तुझी मैथिली ना ती? आज शार्दूलला हाकललंय तिनं. तुझ्या मनासारखं झालं.”

“माझ्या मनासारखा?” प्रेमाताईंनी मान वळवली. “माका काय करूचा हा त्या मैथिलीचा? माझा चेडू हा ती? करू दे नायतर बोंबलू दे.”

“अगं पण... इतके महिने तू...”

“त्या मेस्त्रीसाठी गो!” बाई चिडून म्हणाल्या. “मशीनवर त्येचा प्रेशर खाली जाय. तो डोळे मिटून पडलो की झालाच. एकदा तर तो सिस्टरीक म्हणालो, बंद करा माझा हा सगळा, पोराची फरफट होता. सिस्टर माका म्हणाली, ताई, बोलत ठेवा तेका. आता परक्या बापया माणसाशी मी काय बोलू? एक दिवस तो म्हणालो, करूचा लगीन. मी म्हटलंय, करूचा नाय! तसो तो उठान बसलो मेलो! मग रोजच.”

मान्य आहे, आईनं एक जीव जागा ठेवला. पण तेवढ्यासाठी केलेल्या भांडणावर प्रांजलनं स्वतःचा सगळा जन्म उभा केला होता... नाही, आडवा केला होता!

“आणि खरं मत?” तिनं विचारलं. “तुझं खरं मत काय आहे आई? मुलीनं जावं?”

प्रेमाताईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग अंगावरची गोधडी मोकळ्या हातानं चाचपली.

“ही कोणी आणल्यान, ता माका ठावक हा. डोळे गेले नाय अजून.” त्या पुढे म्हणाल्या, “माका ह्या मशीन सांभाळता गो. तू नुसती बाकावर बसून सुकतंस. तुझ्या लग्नाक मी कशाक नाय म्हणतलंय? तू इचारलंस कधी?”

नव्हतं विचारलं. पडद्यावरच्या बाईच्या लग्नाबद्दलचं उत्तर ऐकून ती गप्प बसली होती. आता तिला रडू आलं, बांध फुटून आलं. आईनं सुया नसलेल्या हातानं तिचं डोकं थोपटलं आणि म्हणाली, “रडा नको. फोन कर.”

ती जिन्यावर गेली. दुसऱ्या वळणावर बसली आणि नंबर लावला.

“हर्षद... कुठे आहेस?”

“पवईला. लिफ्टच्या डोक्यावर बसलोय. बोल.” पलीकडून सावध, थकलेला आवाज आला.

“मी खूप दमलेय रे.”

“माहीत आहे मला.”

“तू शेजारी असलास ना की... दमलेलं चालतं. तू नसलास की चालत नाही. मी आईला विचारलं. खरं खरं, माझ्याबद्दल विचारलं. ती हो म्हणाली. मीही हो म्हणतेय. उशीर झालाय का?”

पलीकडे काहीतरी दाणकन पडलं. “पाना पडला,” तो म्हणाला. “उशीर कसला? आपल्याकडे जाहिराती चालू होत्या.”

“आणि काकांना दुपारी आण. सकाळी ते झोपतात ना?”

“झोपतात. मी घाबरून बसतो बाजूला... मंगळवारी आणतो.”

मंगळवारी नंदूकाका आले ते बसलेल्या गालफडांनी, पाय ओढत. आपल्या जुन्या खाटेवर आडवे झाले, सुया टोचून घेतल्या, डोळे मिटले. प्रांजल आणि हर्षद दारातच उभे होते. या वेळी हात धरलेला होता. ग्रीसचा, लिंबाचा, जसा असेल तसा.

सात वाजले. मैथिली दिव्यासमोर आली.

“मेस्त्रीनू,” प्रेमाताई म्हणाल्या, “तुमचाच खरा. चेडवान लगीन करूचा. माझा चेडूय करतला. तुमच्याच झिलाशी.”

नंदूकाकांनी डोळे उघडले. एकदा बाईंकडे बघितलं, एकदा दारातल्या दोघांकडे. त्यांचे ओठ थरथरले. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा रडणार. पण त्यांनी कोपरावर जोर दिला आणि ते उठून बसले.

“यांचं होऊ दे, देव भलं करो,” ते म्हणाले, “पण त्या मैथिलीनं अजिबात करू नये! तो शार्दूल एक नंबरचा बावळट आहे!”

“बावळट?” प्रेमाताईंनी ब्लँकेट बाजूला सारलं. “तुमका काय कळता मेस्त्रीनू?”

मागे सिस्टरांनी काकांचं प्रेशर बघितलं आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.