ढीग जिथे साचतो

"शुक्रवार म्हणाली होती हो. कुठला शुक्रवार, ते नाही म्हणाली."

माझ्या डोक्यावर हातभर अंतरावरून हे वाक्य आलं. मी बेतायच्या टेबलाखाली सांडलेल्या टाचण्या वेचत होते, त्यामुळे बोलणाऱ्या बाईच्या मला फक्त चपला दिसत होत्या. शेजारी एका पुरुषाच्या सँडल होत्या. आमच्या काओलाक शहरात सगळ्यांच्या पायांना लाल धूळ असते, याच्या पायांना मात्र मिठाची पांढरी किनार होती.

"माझ्या आईलाही शुक्रवारच सांगितलाय," त्या सँडल म्हणाल्या. "म्हणजे तुमचा शुक्रवार आणि आमचा शुक्रवार एकाच रांगेत उभे आहेत म्हणायचे."

मला हसू आलं आणि डोकं टेबलावर आपटलं.

"खाली कोण आहे?"

"शिंपीण," मी बाहेर येत म्हटलं. "आणि शुक्रवार येईल. नाव सांगा."

"हमादी वान."

वान! म्हणजे पुलार, गुराख्यांच्या जमातीतला. आणि मी सिगा फाय, सेरेर जमातीची. सेरेर आणि पुलार भेटले की एकमेकांचा उद्धार करायचा आणि कुणी रागवायचं नाही, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार. तो मोडणं म्हणजे असभ्यपणा.

"अगं बाई, पुलार! गाई कुणावर सोडून आलास?"

"फाय का? तरीच. मालक दारात आला तरी चाकर टेबलाखाली."

"चाकर कोण ते आरशात बघ. आणि तो दूधपिता चेहरा जरा उन्हात ठेव, नासेल."

मशीनवरच्या तिघी खदखदून हसल्या. शुक्रवारवाली सार बाईसुद्धा हसली, आणि मग आपण रागावलेलो आहोत हे आठवून गप्प झाली. तो मात्र हसता हसता माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला... कपाळाला लागलंय का, हे पाहत होता म्हणे. हे त्यानं नंतर सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही, अजूनही ठेवत नाही.

दुकान माझ्या आत्याचं, न्यिलान आत्याचं. मी सात वर्षांची असताना तिनं मला वडिलांकडून मागून घेतलं आणि वाढवलं. त्या वर्षी मी एकतीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं आणि हाताशी काम इतकं होतं की त्याबद्दल कुणी विचारलं तर "ताबास्की होऊ दे" म्हणता यायचं. ताबास्कीच्या सणाला आमच्याकडे माणूस कुर्बानीच्या मेंढ्याशिवाय एक वेळ राहील, नव्या कपड्यांशिवाय राहणार नाही. सणाआधीचे दोन महिने शहरातला प्रत्येक शिंपी खोटारडा असतो. आम्ही सगळ्यांना हो म्हणत होतो. नाही म्हणणं आत्याला जमत नसे.

हमादी दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

"तुझ्या आईचा पायघोळ बुबू अजून शिवून झालेला नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. बसायला आलोय."

मिठाच्या कारखान्यात त्याचं काम होतं ते काम बघण्याचं. म्हणजे मीठ सुकवणारे, चाळणारे, पोती भरणारे, शिवणारे सगळे आपापलं करत असताना हा मध्ये उभा राहून कुठे काय अडतंय ते शोधायचा.

"याला पगार देतात?" मी तेनिंगला विचारलं. तेनिंग आमच्यातली सगळ्यात जुनी, काज-बटणं तिच्याकडे.

"पुलार आहे. नुसतं उभं राहून कळपाकडे बघण्याची सवय पिढ्यांची आहे," ती म्हणाली.

पण बाकावर बसल्या बसल्या त्यानं आठवड्यात जे पाहिलं, ते आम्ही वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पुरुषांच्या जोडातला लेंगा नाडीवर बसतो. जाडा असो, किडकिडीत असो, नाडी ओढली की झालं. मग तो गिऱ्हाईक यायची वाट बघत का शिवायचा?

"लेंगे मिठासारखे आहेत," तो म्हणाला. "आधीच करून रचून ठेव. वरचा बुबू मात्र तसा नाही. त्याला माणूस समोर लागतो."

"म्हणजे मी अर्धी मिठाची कारखानदारीण?"

"अर्धी. उरलेली अर्धी..." तो थांबला. "उरलेलीचं माप अजून घेतलेलं नाही."

"घेऊ नकोस. फीत कमी पडेल."

मी खाली मान घालून दोरा ओवत राहिले. सुईच्या नेढ्याला तो दोरा तीनदा चुकला.

लेंग्यांचा उपाय लागू पडला. त्या आठवड्यात रांग कमी झाली. मग त्यानं दुसरं सुचवलं. सगळ्यांना शुक्रवार सांगण्याऐवजी मापं घ्यायलाच वेगवेगळे वार द्यायचे. बायका चिडल्या, पण आल्या. आमचा दुपारचा चहा तीन फेऱ्यांत गोड होत जातो; त्यातला पहिला कडू पेला त्याला आणि तिसरा गोड पेला मला, असं तेनिंग मुद्दाम करू लागली. "पुलारला कडूच शोभतं." तो निमूट प्यायचा, आणि माझा पेला रिकामा होईपर्यंत उठायचा नाही.

एकदा मी त्याला विचारलं, "तुझं काम बरं की माझं?"

त्यानं बराच वेळ विचार केला. तो थट्टा करत नसला की असा गप्प व्हायचा, आणि मला ते थट्टेपेक्षा जास्त आवडायला लागलं होतं.

"माझं सोपं आहे," तो म्हणाला. "पोतं भरताना मीठ खाणारा समोर बसलेला नसतो. चुकलं तर परत चाळता येतं, कुणाला कळत नाही. तुझ्याकडे जिच्यासाठी कापड कापायचं ती बाई बाकावर बसून बघत असते. तिच्या देखत सगळं. आणि ती तुझ्याशी कशी बोलली, तू तिच्याकडे कसं पाहिलंस, हेही त्या बुबूतच शिवलं जातं. ते आधी करून कोठारात नाही ठेवता येत."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"बाकानं."

तरीही ढीग हटेना. दुकानात एकच ढीग होता, आत्याच्या टेबलाच्या डाव्या हाताला. गाठोड्यांवर गाठोडी, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. आत्याच्या अलीकडे ढीग, पलीकडे मशीनवरच्या तिघी कामाविना शेंगा सोलत बसलेल्या. कापड बेतायचं ते आत्यानंच. ते कुणी ठरवलेलं नव्हतं, सूर्य उगवतो तसं ते होतं.

हमादी त्या ढिगाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग उगाच छताकडे.

खरं काय ते दुकानात सगळ्यांना माहीत होतं. आत्याला दिसेनासं झालं होतं. ती अंगठ्यानं कापड चाचपत कातर चालवायची आणि चुकू नये म्हणून चारही बाजूंनी मूठभर माया, म्हणजे जादा कापड, सोडायची, दर महिन्याला थोडी जास्त. मी कच्चा धावदोरा घालायच्या निमित्तानं कापलेली गाठोडी घरी न्यायचे आणि पहाटे उठून प्रत्येक तुकडा पुन्हा बेतायचे. म्हणजे काओलाकमधला आमचा प्रत्येक बुबू दोनदा कापला जात होता. तेनिंगला माहीत होतं. गिऱ्हाइकांनाही असावं. कुणी बोलत नव्हतं. ज्या बाईनं तुम्हाला कातर धरायला शिकवलं, तिला हे कोण सांगणार?

सणाला दहा दिवस असताना हमादी आला, बाकावर बसला नाही. दारातच उभा राहिला.

"सिगा फाय, मला दूर सां-लुईला पाठवतायत. नव्या मिठागरावर. सणानंतर."

"बरं झालं. तिथल्या सेरेरांना चाकर मिळेल."

"तू चल."

"पुलारची भाकरी भाजायला? गाईंशी बोलायला?"

तिघी हसल्या, मीही हसले. तो हसला नाही.

"काकांना मागणीच्या कोलाच्या बिया घेऊन तुझ्या आत्याकडे पाठवीन म्हणतो."

"दोन पोती पाठव. चाकराकडून तेवढं चालतं!"

हसता हसता माझ्या लक्षात आलं, दुकानात आता मी एकटीच हसत होते. तेनिंगनं मान खाली घातली होती. आमच्या करारातला हा मोठा दोष आहे. दोन माणसं रोज इतकं खोटं खोटं बोलतात की खरं बोलायची वेळ आली तर त्याला वेगळे शब्द उरत नाहीत.

मी त्याच्या मागे गल्लीत गेले. भिंतीला मेंढे बांधलेले होते, उन्हात गवताचा वास तापला होता.

"थट्टा नव्हती?" मी विचारलं.

"नव्हती."

"मग तसं सांगायचं ना!"

"कसं? पाच आठवडे रोज चालत येतो. कारखाना शहराच्या त्या टोकाला आहे."

मी लगेच बोलले असते तर हो म्हटलं असतं, आणि हो म्हटलं असतं तर पहाटे ती गाठोडी कुणी उघडली असती? पहिल्याच आठवड्यात अख्खं शहर बिघडलेले बुबू घेऊन आत्याच्या टेबलाशी येऊन उभं राहिलं असतं.

"शुक्रवारी सांगते," मी म्हटलं.

त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं. "कुठला, ते नाही विचारत."

"तुला कळलंय ना... आत्याचं?"

"दुसऱ्याच दिवशी. जिथे ढीग साचतो तिथे बघायचं, हेच तर माझं काम."

"मग तू सांग तिला. तू पुलार आहेस, तुला कुणी काही म्हणणार नाही. थट्टेत सांग."

तो भिंतीला टेकला. सँडलनं जमिनीवर एक रेघ ओढत राहिला.

"थट्टेत सांगितलं तर सगळे हसतील, सिगा. ती पण हसेल. आणि उद्या तू पुन्हा पहाटे उठशील." मग हळूच म्हणाला, "ते सांगणं माझं कामच नाही. आणि तुझ्या मोडलेल्या झोपेची मी थट्टा करणार नाही."

तो गेला. पुढचा शुक्रवार आला आणि गेला. हमादी आला नाही. मी पहाटे उठत होते, कापत होते, आणि ज्या बाकाकडे आजवर कधी लक्ष गेलं नव्हतं त्यानं दुकानात इतकी जागा कशी व्यापली आहे ते बघत होते.

सणाला तीन दिवस उरले. दुकान तुडुंब. सकाळी हमादी आईचा बुबू न्यायला आला आणि गर्दीत दाराशीच अडकला. पुढे सार बाई. तिच्या मुलीचा सणाचा बुबू, गळ्याभोवती भरतकाम आधीच करून आणलेलं निळं, कडक, चकचकीत कापड. ती म्हणाली, "माझ्यासमोर कापा. आज मी हलणार नाही."

घरी न्यायची सोयच राहिली नाही.

मी खडूनं रेघ आखली, जाड, चांगली दिसेल अशी. आत्यानं कापडावरून हात फिरवला, कातर उचलली. मी पुढे झाले तर तिनं कोपरानं मला मागे सारलं. कातर सरळ गेली, मग वळली... आणि भरतकामाच्या मधोमध शिरली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. जरीचे टाके तुटताना बारीक करकरतात.

मशीनवरच्या तिघी उठून उभ्या राहिल्या.

"उजेड नाहीये आज," तेनिंग घाईघाईनं म्हणाली.

"कापडच कडक आहे मेलं," दुसरी म्हणाली.

"खडू जुना होता," तिसरी.

सार बाईनं कापड उचललं, भोकातून आपली बोटं बाहेर काढून पाहिली. तिला सगळं माहीत होतं. तिनंही म्हटलं, "उन्हाचा दोष... ऊन फार आहे."

मग सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिथे एक पुलार उभा होता. त्यानं एक शिवी हासडली असती, सेरेरांच्या कातरीला गवत कापायची सवय आहे असं काहीतरी, तर दुकान हसलं असतं, आत्या हसली असती, आणि आम्ही सगळे सुटलो असतो. हमादीनं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. आणि गर्दीतून वाट काढत येऊन, सगळ्यांच्या देखत, बाकावर बसला. गप्प.

आत्या अजून कापडावर अंगठा फिरवत होती. सावकाश, आधी इकडून, मग तिकडून. तिच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं ती काहीतरी कारण सांगेल. तिनं मान न वळवता विचारलं,

"सिगा, रेघ कुठाय?"

"तुझ्या अंगठ्याखाली आहे, आत्या," मी म्हणाले. "तुला दिसत नाही. दोन वर्षं झाली, तुला दिसत नाही, आणि ते या दुकानात सगळ्यांना माहीत आहे. कापड मी पुन्हा कापते. आणि आत्या... मला या माणसाशी लग्न करायचंय."