मंजूर नसलेलं वाक्य

"उठा!"

मी ओरडले ते सोफ्याच्या मागून. गुडघ्यांवर बसून मी जुन्या कापडाच्या पिना उपटत होते आणि पुढून कुणीतरी धपकन येऊन बसलं होतं. माझं बोट थोडक्यात वाचलं.

"अरे बापरे… मागे कुणी आहे का?"

"नाही, सोफाच बोलतोय. उठा म्हणते ना!"

तो उठला. मीही उठले. माझ्या हातात पक्कड होती आणि केसांत फोमचा भुगा. समोर एक उंच, किडकिडीत तरुण, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात कॉफीचा कागदी कप. डोळे मात्र फार छान होते. हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि त्याचाही मला रागच आला.

"सॉरी," तो म्हणाला. "आमच्या मजल्यावरच्या खुर्च्या बसलं की खाली जातात हो. कॉफीपुरती सुट्टी मिळते, ती मी इथे येऊन काढतो."

"मग त्या दुरुस्त करायला सांगा की. मला तर फक्त या हॉलचं काम दिलंय."

"हा हॉल पाहुण्यांना दिसतो," तो हसून म्हणाला, "आम्ही कुणालाच दिसत नाही."

आता मी तिथे काय करत होते, ते सांगते. नोकरी-धंदा करणारी माणसं एकमेकांना भेटतात, कामाचं लिहितात, व्हिडिओ टाकतात, अशी एक वेबसाइट आहे. नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला? हे ऑफिस त्यांचंच. बाबांचं आणि माझं कुशनकामाचं वर्कशॉप आहे, आणि कित्येक वर्षं मी त्या वेबसाइटवर 'कुशनवाली' या नावाने व्हिडिओ टाकत होते. हात बाबांचे, बडबडही बाबांचीच. स्प्रिंग कशी बांधायची, दाभण कसं धरायचं, आणि मध्येच माझी टिंगल. लोक म्हणायचे, कुशन राहू दे, तुझ्या बाबांना बोलू दे.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. हात थरथरतो आणि बोलणं तुटक झालंय, एक शब्द, मोठा थांबा, मग दुसरा शब्द. त्यांचा पूर्वीचा आवाज उरला तो त्या व्हिडिओंत. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मी सगळे पुसून टाकले होते. म्हटलं, एवढी मोठी कंपनी आहे, तिथे कुठे जातायत?

गेले! एका महाभागाने माझे व्हिडिओ उचलले, बाबांचा आवाज काढून स्वतःचा घातला, कोपऱ्यात स्वतःचा थोबडा चिकटवला आणि 'खुर्चीगुरू' बनला. आणि कंपनीच्या यंत्रणेने ठरवलं की नक्कल माझी आहे! माझं अकाउंट बंद. शनिवारी सगळं कायमचं पुसणार. त्याला 'विश्वासू तज्ज्ञ' असा बॅज, आणि शुक्रवारी याच हॉलमध्ये क्रिएटर मेळाव्यात त्याचा सत्कार. त्या सत्काराच्या खुर्च्यांना कापड चढवायचं काम आलं कुणाकडे? आमच्याकडे. इथले केअरटेकर बाबांच्या ओळखीचे, त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! दुसरी कुणी असती तर काम नाकारलं असतं. मी दोन्ही हातांनी घेतलं. म्हटलं, आत शिरते आणि एखाद्या हाडामांसाच्या माणसाची गचांडी धरते.

हे सगळं मी त्या किडकिडीत माणसाला एका दमात ऐकवलं. तो कॉफी प्यायचं विसरला होता.

"रिसेप्शनला विचारलं तर म्हणे मदत केंद्रात लिहा," मी म्हणाले. "मदत केंद्रात तो मेला 'मदतनीस' बसलाय. मशीन! काहीही लिहा, ठरलेली वाक्यं. 'आपल्या भावना आम्ही समजतो.' कुठून समजतोस रे, डबड्या? मी काय काय सुनावलंय त्याला! म्हटलं, तुझ्या वायरी उंदरांनी कुरतडाव्यात!"

तो खुदकन हसला. "आणि मग त्या उंदरांनाही अपचन व्हावं."

हे मी लिहिलं होतं. अगदी असंच लिहिलं होतं. पण आत्ता बोलले नव्हते.

त्याने जीभ चावली.

"तू…" मी म्हणाले. चॅटमध्ये मी त्याला तूच म्हणायचे, तेच तोंडातून गेलं. "तू माणूस आहेस?"

"दुपारच्या पाळीत… हो."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. तो घाईघाईने सांगत होता, की क्रिएटर लोकांना मुद्दामच मशीन आहे असं सांगतात. माणूस आहे म्हटलं की लोक भांडतात, मशीन म्हटलं की कंटाळून निघून जातात. मंजूर वाक्यांची एक यादी आहे, त्यातलंच एखादं निवडून पाठवायचं. आपलं स्वतःचं एक अक्षर टाइप करायचं नाही.

पण मला आठवत होतं वेगळंच. एकदा बाबांनी तुटक तुटक विचारलं होतं, "माझा… आवाज… कसा होता गं?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, आणि मग कुणालाच सांगता येईना म्हणून ते मशीनला लिहिलं होतं. मशीनची कसली आलीय लाज!

"ते तू वाचलंस," मी म्हणाले. "आणि वर मला काय पाठवलंस? 'आपला दिवस आनंदात जावो'! शरम नाही वाटली?"

"वाटली," तो हळूच म्हणाला. "सगळी यादी पुन्हा पुन्हा वाचली. त्याहून जवळचं वाक्यच नव्हतं तिच्यात."

"जा इथून. तुझी कॉफी गार झाली."

तो गेला. मी त्या सोफ्याच्या पिना अशा काही उपटल्या, की सोफ्याला जीव असता तर किंचाळला असता. घरी गेल्यावरही राग उतरेना. आणि रागाच्या मधोमध ते डोळे… श्शी! बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कोण… तो?"

"कोण कुठला? काहीतरीच तुमचं!"

बाबा हसले. हसायला त्यांना शब्द लागत नाहीत.

शुक्रवारी दुपारी तो दोन कप घेऊन आला. एक माझ्याजवळ ठेवला. मी बघितलंच नाही. मोठ्या सोफ्याचं कापड ताणायला मात्र दोन माणसं लागतात, आणि माझी दोन माणसं म्हणजे मी आणि बाबा. त्याने न विचारता दुसरं टोक धरलं.

"ताणा," मी म्हणाले. तूवरून मी पुन्हा तुम्हीवर आले होते. "अजून. फाटत नाही ते."

"तुम्ही माझ्यावर अजून चिडलेल्या आहात."

"शाबास. हे यादीतलं वाक्य की तुमचं?"

"माझं." तो कापडाकडे बघत बोलत होता. "खरं सांगू? लोक आमच्याकडे रडतात, विनवण्या करतात, मग हात टेकतात. तुम्ही रोज नव्याने भांडता. तुम्ही दुपारी लिहिता म्हणून… म्हणून मी दुपारची पाळी मागून घेतली."

पिना मारायची बंदूक माझ्या हातात तशीच राहिली. कापडाच्या कडेवर त्याची बोटं माझ्या बोटांना टेकली होती. त्याने ती काढली नाहीत. मीही… कापड सुटलं असतं ना! कामाचं कारण होतं.

"शिव्या आवडतात वाटतं तुम्हाला," मी म्हणाले.

"तुमच्या आवडतात. विचार करून देता." मग तो एकदम गंभीर झाला. "ऐका. अकाउंट पुसायच्या आधी तुम्ही तुमच्या व्हिडिओंची प्रत मागू शकता. नियम आहे तसा. पण तो आम्ही सांगायचा नाही. तुम्ही आत्ता चॅटमध्ये मागा, मी नोंद करतो."

"एवढं सोपं?"

"नोंद आपल्या शब्दांत करावी लागते. आणि यादीबाहेरचं काही टाइप झालं की वर साहेब लोकांच्या स्क्रीनवर लाल खूण येते."

"म्हणजे तुमची नोकरी…"

"माझी खुर्ची तशीही खालीच जातेय," तो म्हणाला आणि निघाला.

"अहो, थांबा! ऐका तरी!"

लिफ्टचं दार बंद झालं. मी चॅट उघडून प्रत मागितली. उत्तर यायला वेळ लागला. मग आलं.

'मी मशीन नाही. तुमची तक्रार मी अनेकदा वर पाठवली, दर वेळी न वाचता परत आली. व्हिडिओ तुमचेच आहेत. एकात बाबा तुम्हाला म्हणतात, दाभण नीट धर, भांडण नंतर कर. तो मी जेवताना ऐकतो. प्रतीची मागणी नोंदवली आहे.'

मी तिथेच नव्या गादीवर बसले आणि रडले. संतापाने रडले, हेही सांगून ठेवते.

पाहुणे यायच्या थोडं आधी मॅडम खाली आल्या, क्रिएटर विभागाच्या प्रमुख. चेहऱ्यावर हसू जणू पिना मारून बसवलेलं. मागे तो, गळ्यात ओळखपत्र नाही.

"आपण तर आमच्या कुटुंबातल्याच," मॅडम म्हणाल्या. "अकाउंट आत्ता सुरू करतो, बॅजही देतो. फक्त इथे सही करा, की मदत केंद्रात आपण स्वयंचलित यंत्रणेशी बोललात. एका कर्मचाऱ्याने जरा खोडसाळपणा केला, तो आता आमच्याकडे नाही."

"आणि सही नाही केली तर?"

"तर आपली विनंती प्रक्रियेत राहील. उद्या शनिवार."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. तरी तो म्हणाला, "करा सही. बाबांचा आवाज आहे तो. माझं काय, मिळेल दुसरं काहीतरी."

हे ऐकलं आणि माझा उरलासुरला संयम गेला. एवढ्या मोठ्या इमारतीत माझ्या बाबांच्या आवाजाची पर्वा कुणाला होती, तर त्याला. आणि त्यालाच यांनी हाकललं! मी हॉलभर नजर फिरवली. सोफा तेवढा तयार होता. व्यासपीठावरच्या खुर्च्या मात्र अजून उघड्या, स्प्रिंगा वर आलेल्या.

"मॅडम, त्या खुर्च्यांची कव्हरं माझ्या व्हॅनमध्ये आहेत," मी म्हणाले. "आणि किल्ली माझ्या खिशात आहे."

"मग आणा ना! लोक यायला लागलेत."

"आपली विनंती प्रक्रियेत आहे."

मॅडमचं हसू पहिल्यांदाच निखळलं. "ही अडवणूक आहे!"

"मग त्या खुर्चीगुरूंना बोलवा की. एवढे विश्वासू तज्ज्ञ आहेत, चुटकीसरशी करतील."

तो गुरू दारातच उभा होता, हातात फुलांचा गुच्छ. मॅडमने आशेने बघितलं. त्याने स्प्रिंगांकडे पाहिलं, गुच्छाकडे पाहिलं आणि घसा खाकरून म्हणाला, "मी… फक्त मार्गदर्शन करतो."

इतके दिवस म्हणे कुणालाच जमत नव्हतं. आता मॅडमने एक फोन केला आणि माझ्या फोनवर व्हिडिओ उतरायला लागले. एकेक. सगळे उतरेपर्यंत मी जागची हलले नाही. मधलाच एक उघडला. "अगं, ही स्प्रिंग आहे, तुझं नाक नाही, एवढी वर कशाला?" बाबा. सलग, खणखणीत, न थांबता. मी फोन छातीशी धरला.

मग व्हॅनमधून कव्हरं आणली आणि प्रत्येक खुर्चीला नीट चढवली, एकही सुरकुती न ठेवता. बाबांच्या वर्कशॉपचं काम होतं, त्या लोकांचं तोंड बघून केलं नाही.

मॅडम पुन्हा तो कागद घेऊन आल्या. "व्हिडिओ मिळाले ना आता? मग अकाउंटसाठी एवढी सही. तुमचे एवढे फॉलोअर्स, एवढ्या वर्षांची मेहनत… कशाला पाणी सोडता त्याच्यावर? लिहायचं काय, तर समोर मशीन होतं."

"मशीन नव्हतं!" मी ओरडले. मागच्या रांगेतल्या माना वळल्या. "माणूस होता. रोज माझ्या शिव्या खाणारा, माझ्या बाबांचं ऐकत जेवणारा माणूस. आणि ऐकून ठेवा, माझा माणूस आहे तो! ठेवा तुमचं अकाउंट तुमच्याजवळ!"

मी कागदाचे दोन तुकडे केले, हत्यारांची पेटी उचलली आणि निघाले. माझा चेहरा तापला होता. पाठीमागून पावलं येत होती.

व्हॅनपाशी आल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वारा होता, त्याचे केस डोळ्यांवर येत होते आणि मला ते हाताने मागे सारायचे होते.

"ते… आत जे म्हणालात," तो म्हणाला, "रागाच्या भरात म्हणालात ना?"

"हो."

त्याने मान खाली घातली. "वाटलंच मला. राग उतरला की…"

"अरे ए मदतनीस," मी म्हणाले, आणि ते केस मागे सारलेच. "रागात मला खोटं बोलता येत नाही."