न घुमणारी जागा

लातूरला औसा रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. मी एका खाजगी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. दिवसभर पोरांना ध्वनी, तरंग, अनुनाद समजावून सांगायचं आणि घरी आलं की आपलं कुणीच ऐकत नाही, अशी माझी गत. त्यामुळेच की काय, खालच्या खोलीत मी स्टुडिओ थाटला. खोली लहानच. खाली शहाबादी फरशी, भिंतींना मुरुडच्या बाजारातून आणलेल्या जाड वाकळा टांगलेल्या. आवाज शोषायला मोठ्या शहरात महागडा फोम लावतात, आपल्याकडं वाकळ तेच काम करते. शिवाय थंडीत काढून पांघरता येते, असं माझी बायको लता म्हणते. तिच्या मते स्टुडिओचा आजवर झालेला उपयोग तेवढाच.

तसं ते खरं नाही. आजूबाजूच्या गावांतली कितीतरी भजनी मंडळं इथं रेकॉर्डिंग करून गेली आहेत. पण या मे महिन्यातलं काम घरचं होतं. आमची एकुलती एक मुलगी मनस्विनी, म्हणजे मनू, बारावी झाली आणि म्हणाली, मला मुंबईला गाणं शिकायचंय. लातुरात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेला न बसणारी पोरगी म्हणजे नातेवाइकांत हसं. मी मात्र तिच्या बाजूनं उभा राहिलो. या पोरीइतकं प्रिय मला जगात दुसरं काही नाही, हे सरळ सांगून टाकतो. प्रवेशासाठी आधी आवाजाचा नमुना पाठवायचा होता आणि तो चांगला व्हावा म्हणून माझा जीव वरखाली होत होता.

अडचण खोलीची होती. मनू खालच्या सुरात उतरली की खोली रांजणासारखी घुमायची. म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही सगळी मांडणी बदलायला घेतली. लोखंडी कपाट उत्तरेच्या भिंतीजवळून दाराशेजारी आणलं, टेबल खिडकीखाली ओढलं, दोन वाकळा कोपऱ्यात आडव्या टांगल्या. आवाज ऐकायचा म्हणून कूलर बंद. घामानं दोघं निथळत होतो.

"बाबा, कूलर लावा ना थोडा वेळ. लई उकडायलंय," मनू म्हणाली.

"तू जा आत, ताक पी. मी टाळ्या वाजवून बघतो."

खोली तपासायची माझी ही जुनी पद्धत. हात पुढे धरायचे, टाळी वाजवायची, एक फरशी पुढे सरकायचं, पुन्हा वाजवायची. मोकळ्या खोलीत टाळी टण्ण करून परत येते, मागे एक बारीक शेपूट सोडते. समोर माणूस उभा असेल तर मात्र ती बोथट होते. माणसाचं अंग आणि कपडे आवाज पिऊन टाकतात. यात गूढ काही नाही, सभागृह भरलं की आवाज बदलतो तो यामुळेच.

खोलीच्या मधोमध, एका फरशीवर, माझी टाळी फत् करून खाली पडली.

मी पुन्हा वाजवली. पुन्हा तसंच. एक पाऊल डावीकडं, टण्ण. उजवीकडं, टण्ण. मधे आलो की उशीवर चापट मारावी तसा आवाज. समोर मोकळी हवा आणि पलीकडं खिडकी. मी स्टूल आणून वर चढलो. छताजवळ टाळी खणखणीत वाजली. हात खाली आणत गेलो, आणि मी जमिनीवर उभा असतो तेव्हाच्या माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंचीवर ती बोथट झाली.

तरंग एकमेकांना खोडतात, हे मी मुलांना शिकवतो. पण ते एखाद्या सुराच्या बाबतीत. टाळीत सगळेच सूर असतात, ते एकाच फरशीवर सगळे कसे खोडले जातील, हे मला तेव्हाही सुचलं होतं. मी तो विचार बाजूला ठेवला. कारण मी खूश झालो होतो. इतकी शांत जागा शोधून सापडत नाही. माइक मी त्याच फरशीसमोर लावला.

संध्याकाळी साथीला पंचाक्षरी आले. उदगीरचे, बँकेतून निवृत्त झालेले, मठातल्या भजनांना तबला वाजवणारे माझे जुने स्नेही. आले, पाणी प्याले, सतरंजीवर मांडी घालून बसले. तबला लावता लावता ते हातभर डावीकडं सरकले. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला जागा देताना आपण सरकतो तसे.

"आणखी कोण यायलंय का, सर?" त्यांनी विचारलं.

"नाही. का बरं?"

त्यांनी डग्ग्यावर थाप मारली. आवाज दबलेला आला. त्यांनी कातड्यावरून हात फिरवला, पुन्हा थाप मारली, आणि उजवीकडं बघत राहिले. तिथं काहीच नव्हतं. माइकसमोरची फरशी होती.

"लेकराला कुठं उभं करणार हाव?"

"तिथंच. सगळ्यात चांगली जागा आहे ती."

"नका करू."

"अहो, पण कारण काय?"

"कारण मलाबी ठाव न्हाई. मी बसलो तवा मला सरकावं लागलं, एवढंच." त्यांनी तबला खोळीत घालायला सुरुवात केली. "तिचं तंबोऱ्यावरच होऊ द्या. माझ्यानं इथं बसवायचं न्हाई."

पंचाक्षरींचं वय झालंय, असं मी लताला सांगितलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं, ड्रम भरून झाल्यावर मनू आंघोळ करून खाली आली. मी तिला त्या फरशीवर उभं केलं. मीच तिच्या खांद्याला धरून नीट उभं केलं. तिनं एकदा मागं वळून पाहिलं.

"काय गं?"

"काही नाही. अडचण व्हायलीय थोडी."

"एवढी मोकळी जागा आहे, अडचण कसली? गा."

पहिल्या वेळी तिचा आवाज दाटल्यासारखा आला. दुसऱ्या वेळी मधेच थांबली, खांदे आक्रसून घेतले. तिसऱ्या वेळी मात्र गायली, आणि काय गायली! खर्ज स्वच्छ, शब्द कानाशी बोलल्यासारखे. हेडफोनमध्ये ऐकताना माझे डोळे भरून आले. गाणं संपलं तेव्हा ती अगदी मोकळी, ताठ उभी होती.

"आता झाली जागा," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

मी वायर गुंडाळल्या. सवयीनं फरशीसमोर टाळी वाजवली. फत्.

स्टुलावर चढायची गरज पडली नाही. माझ्या डोक्याशी टाळी खणखणीत वाजत होती. हनुवटीशीही वाजत होती. खांद्याच्या खाली आलो तेव्हा ती बोथट झाली.

मनू माझ्या खांद्याला लागते.

मी ओरडूनच तिला हाक मारली. ती आली, हातात ताकाचा पेला. तिला मी दारापाशी, कपाटाजवळ उभं केलं आणि तिच्यासमोर टाळी वाजवली.

टण्ण.

शेपटासकट. समोर कुणीच नसावं तशी.

"काय करायलात, बाबा?"

मी लताला बोलावलं. तिला तिथंच उभं केलं. टाळी बोथट झाली, व्हायला हवी तशी. पुन्हा मनूला. टण्ण. लता म्हणाली, "पुरे झालं, पोरीला घाबरवू नका." पण मनू घाबरलेली नव्हती. ती ताक पीत माझ्याकडं बघत होती.

त्या दिवशी मी एकट्यानं कपाट परत उत्तरेच्या भिंतीला नेलं. त्याच्या पायांचे गंजाचे डाग फरशीवर होते, त्यांवर पाय अचूक बसवले. टेबल जागेवर. वाकळा जागेवर. मग मनूच्या हातापाया पडून तिला पुन्हा त्या फरशीवर उभं केलं आणि गायला लावलं. ती गायली. आधी याच मांडणीत घुमणारी खोली आता कुठंच घुमली नाही. तिच्यासमोर पुन्हा टाळी वाजवून पाहिली, काहीही बदललं नाही.

नमुना मी पाठवला नव्हता. मनूनंच पाठवला. प्रवेश मिळाला. आता नातेवाईक पेढे मागतात. पुढच्या आठवड्यात ती मुंबईला जाणार, लता तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटते आहे, डोळे पुसते आहे. लताला मी काय सांगू? ही जाते ती मनू नव्हे, असं आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

मी क्लासला जात नाही. दुपारभर खाली बसतो. भजनी मंडळांना नकार कळवला आहे. खोलीतली एकही वस्तू आता हलवत नाही, हलवायची भीती वाटते. अधूनमधून मधल्या फरशीसमोर हळू टाळी वाजवतो, ती आहे ना, एवढंच बघायला. मग माझ्या पोरीशी चार शब्द बोलतो.

जेवायच्या वेळी लता स्वयंपाकघरातून हाक मारते, "मने, ये गं, ताट वाढलंय." बाहेर पाट सरकवल्याचा आवाज येतो, ती दुसरी जेवायला बसते.

मी टाळी वाजवतो. मधल्या फरशीवर टण्ण.

मग दाराशी वाजवतो. तिथं ती बोथट होते, अगदी उंबऱ्याच्या आत.

दार मी सताड उघडं ठेवलेलं असतं.