भाऊ होशील का?

धुक्यातून अचानक एक माणूस गाडीसमोर आला आणि नेवेनाने करकचून ब्रेक दाबला. तरुणच होता, हातात मेणबत्त्यांचं पुडकं.

"उडवलं असतंस, तर याच पेटवल्या असत्या माझ्या उशाशी!" काचेशी वाकून तो हसला. "मी रादोश. खालच्या गावात सोडशील?"

"बसा. मीही तिकडेच... आजोबांचं गाव बघायला निघालेय."

तो रस्ता दाखवत होता, ती उगीचच गाडी हळू चालवत होती. वळणावर खांद्याला खांदा लागायचा, पण कुणीच सरकत नव्हतं. गाव येऊच नये असं तिला वाटू लागलं.

"आजोबा कोण तुझे?"

"योव्हान सुतार."

त्याचं हसू मावळलं. "म्हणजे दारा तुझी चुलत बहीण... अगं, ती काल गेली."

नेवेनाने स्टिअरिंग घट्ट धरलं. तिच्या हातावर त्याने हात ठेवला, आणि अंगणापर्यंत काढलाच नाही.

घरात शिरताच रादोशने ती कोण ते सांगितलं, आणि बायका कुजबुजल्या. एकाच घरातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या मुली, एकीचा जीव दुसरीशी बांधलेला! काकीने, म्हणजे दाराच्या आईने, घोड्याचा साखळीचा लोखंडी पायबंद आणला. एक कडं शवपेटीतल्या दाराच्या गार पायात, दुसरं नेवेनाच्या.

"सोडवलं नाही तर महिन्याच्या आत ती तुला घेऊन जाईल, पोरी. तुझ्यासोबत आलाय त्याला विचार. सोडवेल तो जन्माचा भाऊ." काकीने किल्ली रादोशच्या हातात दिली.

नेवेनाने रादोशकडे पाहिलं. सुटायचं तर होतंच... पण याची बहीण होऊन?

"देवाशपथ... भाऊ होशील का माझा?"

त्याने किल्ली मुठीत आवळली. साखळी जराशी ताणली गेली. नेवेना तर हललीही नव्हती.

"होशील का?" तिचा आवाज फाटला.

"नाही!" रादोश ओरडला. "भाऊ सोडून काहीही म्हण—भाऊ नाही होणार मी तुझा!"

मेणबत्त्या एकदम फडफडल्या. साखळीला हिसका बसला, नेवेनाचा पाय फरफटत शवपेटीला जाऊन टेकला. गारवा गुडघ्यापर्यंत चढला.

"सरक, गाढवा!" बोळक्या तोंडाच्या झिव्को म्हाताऱ्याने किल्ली हिसकावली. "विचार गं, मला विचार!"

"भाऊ... व्हाल का?"

"झालो!" कुलूप खट्कन उघडलं. साखळी सैल पडली. नेवेना कोसळली ती थेट रादोशच्या हातांत.

धापा टाकत म्हाताऱ्याने रादोशकडे डोळे वटारले. "काय रे? माझ्या बहिणीला असं सगळ्यांदेखत धरलंयस... मागणी कधी घालतोस?"

"आत्ताच," रादोश म्हणाला. "पण... ती हो म्हणेल का?"

"दादा," नेवेनाने रादोशचा हात घट्ट धरला, "हो म्हणून सांगा त्याला."