खोटा ठिपका

खोटं सांगत असेन तर ही मिशी उतरवतो! प्रयोगशाळेत ती शिंकली, आणि माकडाच्या मेंदूचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप उडाला. दिव्याला वळसा घालून नव्या सहकाऱ्याच्या बाहीवर जाऊन बसला.

"तुमचं काहीतरी... माझ्याकडे आलंय," तो म्हणाला.

"हलू नका!" चिमटा घेऊन ती इतकी जवळ आली, की तो श्वास घ्यायचाच विसरला.

म्हातारपणानं मेलेल्या माकडाचा मेंदू तो. डोपामिन हे रसायन त्यात कुठे कुठे चिकटतं, त्या जागांचा — रिसेप्टरांचा — नकाशा दोघांनी काढायचा. वेगळ्या खोल्यांत, दुसऱ्याचं न बघता. बघून काढलंत तर सगळं काम कचऱ्यात, अशी प्रयोगशाळेच्या बाईंची ताकीद.

आणि नकाशे तर जुळायचे... अगदी जुळ्यांसारखे! त्यात तिच्या खणातले कागद रोज सकाळी किंचित सरकलेले. तिच्या मनात पाल चुकचुकली. हा बघून काढतो की काय?

एका संध्याकाळी तिनं सापळा लावला. जिथं काही नव्हतं, तिथं मुद्दाम एक ठिपका काढून ठेवला.

सकाळी तिनं कागद न बघताच दिला आणि बाईंनी दोन्ही नकाशे शेजारी मांडले. त्याच्यात ठिपका नव्हता. हुश्श! पण... तिच्यातही नव्हता.

जिन्यात तिनं त्याला गाठलं. "माझा ठिपका कुठाय?"

"कुठला?"

"सोंग नको."

"तो होय... खोडला."

"म्हणजे तू माझा खण उघडतोस!" रागात 'तू' निसटलं.

"माझा नकाशा बाईंकडे दिल्यावरच. तुमच्या रेघा बघायला. काल वाटलं, दमून चुकलात... बाई बोलतील."

"रेघा बघायला! आणि मी विश्वास ठेवू?"

"नका ठेवू. बाईंना विचारा."

तिनं विचारलं. हाताला धरून त्याला ओढत नेलं आणि स्वतःच्या ठिपक्यासकट सगळं सांगून टाकलं.

"ह्याचा कागद रोज तुझ्याआधी माझ्या कुलपात असतो," बाई म्हणाल्या. "म्हणून काम वाचलं. ह्या कापाचा नकाशा मात्र दोघांनी पुन्हा काढायचा. इथंच, माझ्यासमोर, पाठीला पाठ करून. खणाला कुलूप लाव. आणि आता हात सोडा एकमेकांचे!"

बराच वेळ नुसती पेन्सिलींची खरखर.

"झाला माझा," तो हळूच म्हणाला. "आता... बघू?"

"नकाशा?"

"तुमच्याकडे."

"आधी जमा कर."

त्यानं कागद दिला, वळला. ती आधीच त्याच्याकडे तोंड करून, हनुवटीला हात लावून बसलेली. तिचा कागद केव्हाच बाईंच्या हातात होता.

पण ती नक्की केव्हा वळली, कागद देण्याआधी की नंतर? मला अजून संशय आहे... आणि बाई तर विचारलं की खोकतात.